किल्ली दारालाच!

“तुम्ही आर्ट्सवाले, तुम्हांला काय करायचंय त्यातलं?”

हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत मला निदान दहा-बारा वेळा ऐकावा लागला आहे. विचारणारे वेगवेगळे होते. एकदा संगणक-कक्षाचे सहायक, एकदा झेरॉक्सच्या दुकानातला मुलगा, एकदा तर माझे सख्खे मामा. स्वर मात्र प्रत्येक वेळी तोच. लहान मुलाच्या हातातली विळी हळूच काढून घ्यावी तसा. आणि खेदाची गोष्ट अशी की आपल्यापैकी बहुतेकांना या प्रश्नाचा राग येत नाही. उलट बरेच वाटते. ज्ञानेश्वरी, राज्यघटना आणि अर्थशास्त्रातल्या त्या वक्ररेषा एवढे सगळे डोक्यावर असताना संगणकाच्या पोटात काय चालते याची चिंता आणखी कोणी करावी? ते सायन्सवाल्यांचे काम. आपण निबंध टाइप करावा, पेन ड्राइव्हवर घ्यावा आणि प्रिंट काढावी.

मीही याच मताची होते. हे मत बदलायला मला जी किंमत पडली ती आधी सांगते, म्हणजे पुढचा उपदेश वाचकांना जरा सोसवेल.

द्वितीय वर्षाला असताना मराठी विभागाच्या प्रकल्पासाठी मी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. दिवाळीच्या सुट्टीत आजोळी जाऊन बसले. तीन वृद्ध स्त्रियांकडून मिळून एकशे चाळीसच्या आसपास ओव्या मिळाल्या. त्यांतल्या सर्वांत वयस्क बाईंना सारे गाव थोरल्या काकू म्हणे. त्यांना ओवी नुसती ‘सांगता’ येत नसे. जात्याचा खुंटा हातात आल्याखेरीज शब्द आठवत नाहीत, म्हणायच्या. शेवटी त्यांच्या सुनेने अडगळीतून जाते काढले, पुसले, आणि काकूंनी ते रिकामेच फिरवत दोन दुपारी गाऊन दाखवले. ते गाणे मी फोनवर घेतले. फोनमध्ये जागा उरली नाही म्हणून ते पेन ड्राइव्हवर नेले आणि फोनवरचे पुसून टाकले. पुढे तीन महिने कॉलेजच्या संगणकावर रोज तास-दीड तास बसून ओव्या टाइप केल्या. कक्षातल्या यंत्रावर काही ठेवले तर दुसऱ्या दिवशी सापडेलच याची खात्री नसते, म्हणून तेही पेन ड्राइव्हवरच. थोडक्यात, माझे सगळे काम बोटाच्या पेराएवढ्या एका वस्तूत होते.

फेब्रुवारीत प्रिंट काढायला दुकानात गेले. पेन ड्राइव्ह लावला. फोल्डर सगळे जागेवर होते, नावेही तीच होती. फक्त प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक छोटासा बाण आला होता. दुकानातल्या अँटिव्हायरसने लाल खिडकी दाखवली, आणि मग एकही फोल्डर उघडेना. “गेलं सगळं, ताई. व्हायरसने खाल्लं. फॉरमॅट मारून देतो, निदान पेन ड्राइव्ह तरी वाचेल,” तो मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात खरी कणव होती. मी मान हलवली. पाच-सहा सेकंद लागले असतील. त्याच आठवड्यात मामेभावाच्या लग्नाचे फोटो मी त्यावर भरून घेतले.

काकू आषाढात गेल्या.

त्यानंतर काही महिन्यांनी एका परिचितांकडून मला कळले की माझ्या ओव्या कोणी खाल्लेल्याच नव्हत्या. या जातीचा व्हायरस मूळ फोल्डर पुसत नाही. तो त्यांना ‘अदृश्य’ असा शिक्का मारतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट पुढे मांडून ठेवतो. आपण शॉर्टकटवर क्लिक केले की आधी व्हायरस चालतो आणि मग खरा फोल्डर उघडतो, त्यामुळे आपल्याला संशयही येत नाही. अँटिव्हायरसने व्हायरस उचलून नेला की शॉर्टकट पोरके होतात, उघडत नाहीत, आणि आपण कपाळाला हात लावतो. प्रत्यक्षात खरे फोल्डर तेथेच पडद्याआड बसलेले असतात. फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’ यादीत लपलेल्या वस्तू दाखवण्याची एक खूण आहे. कधीकधी ती पुरत नाही, तेव्हा अ‍ॅट्रिब नावाची एक ओळीची आज्ञा द्यावी लागते. बस, एवढेच. फॉरमॅट झाल्यावरसुद्धा लगेच शोध घेतला असता तर बरेच परत मिळाले असते. लग्नाच्या फोटोंनी तीही वाट बुजवली. म्हणजे व्हायरसने नुसते लपवले होते. घालवले ते मी, माझ्या होकाराने.

आता कोणी म्हणेल, दोष तुझाच. दुसरी प्रत का ठेवली नाहीस? मान्य आहे. त्या चुकीची शिक्षा मी भोगली आहे. पण हा लेख माझ्या पश्चात्तापाविषयी नाही. माझी तक्रार अशी आहे की ज्या यंत्रावर आपण विश्वासाने बसतो त्याची मांडणीच अशी करून दिलेली असते की अजाण माणूस फसावा. आणि ती मांडणी बदलणे पाच-दहा मिनिटांचे काम असूनही आपण ती बदलत नाही, कारण ‘आपल्याला काय करायचंय त्यातलं’.

फाइलच्या नावाचीच गोष्ट घ्या. प्रत्येक फाइलच्या नावाला एक शेपूट असते. ती लेख आहे, चित्र आहे, की चालवायचा प्रोग्राम आहे, हे त्या शेपटावरून ठरते. विंडोज मुळात हे शेपूट लपवून ठेवते. का, तर वापरणाऱ्याचा गोंधळ होऊ नये म्हणून! ४ मे २००० या दिवशी फिलिपिन्समधून निघालेला ‘आय लव्ह यू’ हा किडा जगभर पसरला तो याच सौजन्याचा फायदा घेऊन. ई-मेलसोबत आलेल्या फाइलचे नाव ‘लव्ह लेटर फॉर यू, डॉट टीएक्सटी, डॉट व्हीबीएस’ असे होते. शेवटचे शेपूट लपल्यामुळे लोकांना ते साधे पत्र दिसले आणि प्रत्यक्षात तो प्रोग्राम निघाला. प्रेमपत्र म्हटल्यावर कोण उघडणार नाही? या गोष्टीला पंचवीस वर्षे उलटून गेली, तरी नव्याकोऱ्या विंडोजमध्ये शेपूट अजून लपलेलेच असते. आजही ‘निकाल, डॉट पीडीएफ, डॉट ईएक्सई’ अशी फाइल आली तर आपल्याला नुसता ‘निकाल, डॉट पीडीएफ’ दिसेल, आणि निकाल म्हटल्यावर तर प्रेमपत्रापेक्षाही लवकर उघडला जाईल. ‘व्ह्यू’ यादीतच ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ असा एक चौकोन आहे. त्यावर बरोबरची खूण करावी. माझ्या लेखातले बाकी सगळे विसरलात तरी चालेल, पण ही खूण आज घरी जाऊन कराच.

पण खरा मुद्दा याहून खोल आहे. तो राज्यशास्त्राचा आहे, म्हणून तो मांडायला मला संकोच वाटत नाही.

विंडोजमध्ये खाती दोन प्रकारची असतात. एक अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे, म्हणजे सर्वाधिकाऱ्याचे. त्याला यंत्रात काहीही बसवता, काढता, बदलता येते. दुसरे स्टँडर्ड, म्हणजे सामान्य नागरिकाचे. त्याने आपले लिहावे, वाचावे, गाणी ऐकावीत, पण यंत्राच्या मूळ रचनेला हात लावू नये. नवा संगणक घेतला की त्यावरचे पहिले खाते सर्वाधिकाऱ्याचे असते, आणि बहुतेक घरांत तेच पहिले आणि शेवटचे. म्हणजे निबंध टाइप करणारी मी त्या क्षणी त्या यंत्राची सम्राज्ञी असते. माझ्या हातून एखादा दुष्ट प्रोग्राम चालला तर तोही माझा अधिकार उसना घेऊन सम्राट होऊ पाहतो.

प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच अधिकार असावा हे तत्त्व संगणकशास्त्रात नवे नाही. अमेरिकेतल्या एमआयटीमधील जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ साली एका दीर्घ निबंधात संगणकातील माहितीच्या रक्षणाची आठ तत्त्वे मांडली. ‘किमान अधिकारा’चे तत्त्व त्यांतलेच. बेल लॅबमधल्या युनिक्सने त्याआधीच सर्वाधिकारी आणि सामान्य वापरणारा यांना वेगळे केले होते. मोठ्या संगणकांच्या जगात हे शहाणपण असे रुजत असताना घरोघरी गेलेला संगणक मात्र एकतंत्री निघाला. १९८१ च्या डॉसमध्ये खाती ही कल्पनाच नव्हती. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये पासवर्ड विचारणारी खिडकी येई, पण ‘कॅन्सल’ दाबले की सरळ आत जाता येई! देवळाच्या दाराशी ‘पादत्राणे बाहेर काढावीत’ अशी पाटी असते, तितपतच त्या खिडकीचा दरारा. २००१ च्या एक्सपीने खाती दिली, तीही पहिल्या दिवशी सगळी सर्वाधिकाऱ्यांची, बिनपासवर्डची. २००३ च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाच्या किड्याने नुसत्या इंटरनेटला जोडलेल्या यंत्रांत घुसून हैदोस घातला. त्यानंतर वर्षभराने, ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक टू मध्ये, एक्सपीची फायरवॉल आपोआप चालू राहू लागली. तोवर ती होती, पण बंद! आणि सर्वाधिकाऱ्याच्या खात्यालासुद्धा यंत्रात बदल करण्याआधी ‘खरेच करू का?’ असे विचारण्याची पद्धत सामान्य ग्राहकाला मिळाली ती २००७ साली, व्हिस्टाबरोबर. १९७५ ते २००७: बत्तीस वर्षे. घटनेतली तत्त्वे कागदावरून चावडीवर यायला वेळ लागतो असे आमचे सर म्हणतात. येथेही तेच झाले.

व्हिस्टाने हा प्रश्न इतक्या वेळा विचारला की लोक वैतागले आणि त्यांनी तो विचारणेच बंद करून टाकले. हाही धडाच आहे. सॉल्ट्झर आणि श्रोडर यांच्या आठ तत्त्वांत आणखी एक असे होते की संरक्षणाची यंत्रणा माणसाला वापरायला सोपी असली पाहिजे, नाहीतर तो ती वापरणार नाही. ही गोष्ट आपल्याकडच्या नियम करणाऱ्यांनी भिंतीवर लावून ठेवावी. दर महिन्याला पासवर्ड बदला, त्यात एक मोठे अक्षर, एक आकडा, एक फुली-चांदणी घाला, असा हुकूम सुटला की पासवर्डची चिठ्ठी पडद्यालाच चिकटते. अमेरिकेच्या मानक ठरवणाऱ्या संस्थेने, निस्टने, २०१७ साली हा ठराविक मुदतीने पासवर्ड बदलायला लावण्याचा आग्रह अधिकृतपणे सोडून दिला. पासवर्ड लांब असावा, दुसरीकडे वापरलेला नसावा, आणि फुटल्याचा संशय आला तरच बदलावा, असे आता सांगतात. चार-पाच असंबद्ध मराठी शब्द एकापुढे एक लिहावेत. आपल्याला लक्षात राहतात आणि चोराला सुचत नाहीत. वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना तरी हे अवघड जाऊ नये.

चिठ्ठीवरून संगणक-कक्ष आठवला. चार नंबरच्या संगणकाच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात एक पिवळी चिठ्ठी आहे. तीवर ‘अ‍ॅडमिन’ आणि त्याखाली पाच आकडे, ओळीने एकपासून. हे गुपित फोडल्याबद्दल संपादक मंडळाने मला क्षमा करावी. पण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपासून पाणी भरणाऱ्या मामांपर्यंत ते सगळ्यांना ठाऊक आहे. सगळी यंत्रे सर्वाधिकाऱ्याच्या एकाच खात्याने चालतात. एकाच्या पेन ड्राइव्हवरून आलेला किडा त्यामुळे यंत्राच्या मुळाशी जाऊन बसू शकतो आणि नंतर येणाऱ्या प्रत्येकाच्या पेन ड्राइव्हला चिकटतो. माझ्या ओव्यांना तो कोठून चिकटला? दुकानातून की आपल्या कक्षातून? हे मला आजतागायत कळलेले नाही. म्हणूनच मी कोणा एकाला दोष देत नाही. कॉलेज आणि दुकान यांच्यामध्ये दिवसातून शंभर पेन ड्राइव्ह ये-जा करतात. पंढरीच्या वाटेवर एकाच घागरीचे पाणी सगळ्यांनी प्यावे आणि पटकी कोणी आणली म्हणून भांडावे, तसे ते होईल.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण उत्साहाच्या भरात ती सांगायची राहते. सामान्य खात्याने सारे काही टळत नाही. सामान्य खात्यातून चाललेला किडा यंत्र ताब्यात घेऊ शकत नाही, दुसऱ्याच्या खात्यात शिरू शकत नाही. पण त्या खात्याच्या मालकाच्या स्वतःच्या फाइलींना तो नक्कीच हात लावू शकतो, कारण मालकालाही तो लावता येतो. खंडणीखोर व्हायरस नेमका एवढ्यावरच जगतो. तो फाइली कुलूपबंद करतो आणि किल्लीचे पैसे मागतो. माझा शॉर्टकटवाला किडाही सामान्य खात्यात तेवढेच नुकसान करू शकला असता. सामान्य खाते म्हणजे आग एका खोलीत थोपवणारी भिंत; त्या खोलीतले सामान वाचवायचे तर ते दुसरीकडेही असले पाहिजे. विंडोज १० मध्ये २०१७ पासून ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ अशी एक सोय आहे. ती अनोळखी प्रोग्रामला आपल्या कागदपत्रांत बदल करू देत नाही. तीही मुळात बंदच असते. चालू केल्यावर एखादा जुना मराठी टाइपिंगचा प्रोग्रामही अडतो आणि त्याला हाताने परवानगी द्यावी लागते, एवढा त्रास आहे. आणि दुसरी प्रत! ती यंत्राला सतत जोडून ठेवलेली नसावी, नाहीतर मूळ प्रतीबरोबर तीही जाते. प्रत घ्यावी, काढावी, कपाटात ठेवावी.

रायगडावरच्या हिरकणीची दंतकथा आपण सर्वांनी शाळेत ऐकलेली आहे. सूर्यास्ताला दरवाजे बंद झाले. घरी तान्हे मूल. ती गवळण रात्री कडा उतरून गेली. महाराजांनी तिचे कौतुक केले आणि जेथून ती उतरली तेथे बुरूज बांधवला. या कथेतले आईचे काळीज आपण जाणतो. पण त्या बुरुजाकडे मी अलीकडे निराळ्या नजरेने पाहू लागले आहे. गड अभेद्य आहे या समजुतीत एक फट निघाली. फट दाखवणारीला शिक्षा झाली नाही, साडीचोळी मिळाली. आणि फट लगेच बुजवली गेली. संगणकाचे ‘अपडेट’ म्हणजे हेच बुरूज. २०१७ च्या मार्चमध्ये, १४ तारखेला, मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या अशाच एका फटीवर बुरूज बांधून दिला. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर किडा त्याच फटीतून जगभर शिरला. मध्ये एकोणसाठ दिवस होते. ज्यांनी अपडेट घेतले होते ते वाचले. ज्यांनी ‘नंतर आठवण करा’ हे बटण दाबले होते त्यांच्यांत इंग्लंडमधली सरकारी इस्पितळेही होती. तेथे रुग्णांच्या सुमारे एकोणीस हजार नियोजित भेटी रद्द झाल्या असाव्यात असा अंदाज त्यांच्या लेखापरीक्षकांनी नंतर केला. त्यानंतर जूनच्या २७ तारखेला ‘नॉटपेट्या’ आला. त्याने तीच फट वापरली, शिवाय एकदा आत शिरल्यावर चोरलेल्या पासवर्डांवर शेजारच्या यंत्रांत चढण्याची युक्तीही. न्हावाशेव्याला आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे काम त्यामुळे खोळंबले. म्हणजे हे लोण फार दूरच्या देशातले नाही.

मग आपण अपडेट का करत नाही? आळस हे अर्धेच उत्तर आहे. उरलेले अर्धे आपण चारचौघांत बोलत नाही. संगणक जोडून देणारा दादा विंडोजची चोरटी प्रत घालून देतो आणि जाता जाता बजावतो, “अपडेट चालू करू नका हं, विंडोज उडेल.” त्याआधी चोरटी किल्ली चालावी म्हणून त्याने अँटिव्हायरसही बंद केलेला असतो. फुकटात मिळालेल्या वाड्याचा मागचा दरवाजा कायमचा काढून नेलेला असावा, तसा हा व्यवहार आहे. पुण्याच्या काटकर बंधूंनी संगणकदुरुस्तीच्या छोट्याशा दुकानातून सुरुवात करून नव्वदच्या दशकात ‘क्विक हील’ हे अँटिव्हायरस उभे केले, ही मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट. पण त्याच पुण्यात अँटिव्हायरसचीही चोरटी प्रत मागणारे गिऱ्हाईक मी डोळ्यांनी पाहिले आहे. पहारेकरीच चोरून आणायचा!

गरिबीचा प्रश्न खरा आहे, तो मी उडवून लावत नाही. आपल्या कक्षातली बहुतेक यंत्रे विंडोज १० वर आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचा नेहमीचा पाठिंबा संपला. विंडोज ११ ला नवा प्रोसेसर आणि एक विशिष्ट सुरक्षा-चिप लागते, आणि आपल्या यंत्रांत ती नाही. नवी यंत्रे येईपर्यंत काय करायचे? माझ्या मते अशा यंत्रांवर लिनक्स घालावे. ते फुकट मिळते, चोरावे लागत नाही. सर्वाधिकारी आणि सामान्य यांची विभागणी त्यात जन्मजात आहे, अपडेट येत राहतात, आणि युनिकोडमध्ये इन्स्क्रिप्टने मराठी तेथेही तितकेच नीट टाइप होते. “मुलांना सवय नाही,” असा आक्षेप ऐकू येतो. सवय आम्हांला कशाचीच नव्हती. पहिल्या वर्षी आलो तेव्हा ग्रंथालयाच्या कार्डाचीही नव्हती.

आता घरातल्या संगणकाविषयी थोडे, आणि हे विशेषतः माझ्या मैत्रिणींसाठी. आमच्या घरी एक संगणक आणि त्यावर एकच खाते होते. ई-मेल उघडे, डायरी उघडी, कोणती पाने पाहिली त्याची यादी उघडी. दादा सहज म्हणून पाहायचा, सहज म्हणून बोलून दाखवायचा. त्यात वाईट हेतू नव्हता. पण मी डायरी लिहिणे बंद केले. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. तो निकाल आम्ही वर्गात अभ्यासला आणि घरी येऊन सगळ्यांनी एकाच खात्यात बसलो. माणसागणिक वेगळे खाते काढायला विंडोज एक पैसाही घेत नाही. सामान्य खात्यावाल्याला दुसऱ्याचे कागद उघडता येत नाहीत. मात्र सर्वाधिकाऱ्याला येतात, म्हणून ते खाते घरात कोणाकडे असावे हा प्रश्न उरतोच. आमच्याकडे तो पुष्कळ चर्चेनंतर असा सुटला की ते रोज कोणीच वापरायचे नाही. त्याचा पासवर्ड पाकिटात घालून आईच्या कपाटात. आईला संगणकात रस नाही, त्यामुळे आमच्या घरात ती सध्या राष्ट्रपती आहे.

लॅपटॉप असणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. पासवर्ड कितीही भक्कम असला तरी चोराने आतली डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली की सगळे वाचता येते. त्यावर उपाय डिस्कच सांकेतिक करण्याचा. नव्या विंडोजमध्ये हे कधीकधी आपण न सांगताही झालेले असते. तेथे उलटा धोका आहे. मदरबोर्ड बदलला किंवा काही बिघडले की यंत्र अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली मागते, आणि ती कोठे आहे हे मालकालाच माहीत नसते. ही किल्ली कागदावर उतरवून रेशनकार्डाशेजारी ठेवावी. चोरापासून वाचवताना स्वतःलाच बाहेर कोंडून घेण्यात शहाणपण नाही.

“आमच्याकडे चोरण्यासारखं आहेच काय?” असे विचारणारे प्राध्यापकांतही आहेत. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून सांगते, सर, काकूंच्या ओव्यांना बाजारात एक रुपयाही किंमत नव्हती. त्या कोणाला चोरायच्या नव्हत्या. माझ्या फोल्डरांवरून गेला तो किडा तेथे काय आहे हे पाहायला थांबलासुद्धा नाही.

गेल्या मे महिन्यात मी पुन्हा आजोळी गेले. काकूंच्या सूनबाईंनी जाते पुढे ओढले, खुंट्याला हात लावला, आणि पुष्कळ वेळ विचार करून एकोणीस ओव्या आठवल्या. चाल काकूंचीच आहे असे त्या म्हणतात. मला खात्री देता येत नाही, ताडून पाहायला माझ्याकडे काही नाही. या एकोणीस ओव्या आता फोनवर आहेत, घरच्या संगणकावर माझ्या खात्यात आहेत, आणि एका पेन ड्राइव्हवर आईच्या कपाटात, पासवर्डच्या पाकिटाशेजारी.

संगणक-कक्षातल्या यंत्रांवर विद्यार्थ्यांसाठी वेगळी सामान्य खाती काढावीत, फाइलींची शेपटे आणि लपलेल्या वस्तू दिसतील अशी मांडणी करावी, आणि चार यंत्रांवर लिनक्सचा प्रयोग करून पाहावा, असा अर्ज मी व माझ्या सात मैत्रिणींनी सप्टेंबरमध्ये कार्यालयात दिला आहे. त्याची पोच मिळाली आहे. मधल्या काळात चार नंबरच्या संगणकावरची ती पिवळी चिठ्ठी मी एक दिवस स्वतःच काढून टाकली. दुसऱ्या दिवशी नवी लागली. या वेळी सेलोटेपने.